सूक्ष्म किड्यांची अतिभीती (ॲकॅरोफोबिया): लक्षणे आणि उपचार

ढेकूण, उवा किंवा मुंग्या अंगावर चढल्या तर कोणालाही किळस येते. पण नुसत्या विचारानेही छातीत धडधडत असेल, दरदरून घाम फुटत असेल, रोज अंथरूण झटकूनही झोप लागत नसेल, तर ही साधी किळस नाही. अशी भीती ६ महिने किंवा अधिक टिकून झोप, काम, प्रवास यांत अडथळा आणू लागली, तर तिला फोबिया म्हणतात.

भीती वाढत का जाते?
सुरुवात लहानपणच्या एखाद्या अनुभवातून, घरातल्या मोठ्यांची भीती पाहून किंवा खरूज होऊन गेल्यावर होऊ शकते. तिला खतपाणी मिळते ते टाळण्यामुळे. तुम्ही तिथून निघून जाता, लगेच बरे वाटते आणि 'निघालो म्हणून वाचलो' हेच मनात पक्के होते.

भीती की खात्री?
फोबियात आपली भीती अवाजवी आहे हे बहुतेकांना कळते. काहींना मात्र तपासणीत काही न सापडूनही त्वचेत किडे असल्याची ठाम खात्री असते. हा वेगळा आजार आहे. स्वीडनचे डॉक्टर एकबॉम यांनी १९३८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याला मानसोपचारतज्ज्ञांची औषधे लागतात.

आधी काय तपासावे?
खाज येत असेल तर प्रथम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खरूज, उवा, मधुमेह, बी-१२ ची कमतरता किंवा दारू अचानक सोडणे यांमुळेही अंगावर काहीतरी चालल्यासारखे वाटू शकते.

उपचार
टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरे जाण्याचा उपचार सर्वांत परिणामकारक ठरतो. आधी किड्याचे चित्र, मग व्हिडिओ, मग बंद बरणीतला किडा. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचे. हे प्रशिक्षित तज्ज्ञांच्या मदतीनेच करा.

हे करू नका
अंगावर कीटकनाशक, रॉकेल किंवा फिनेल लावू नका; विषबाधा होऊ शकते, त्वचा भाजू शकते. सुईने त्वचा खरवडू नका.

घरच्यांसाठी
चेष्टा करू नका, मुद्दाम किडा समोर आणू नका. पुन्हापुन्हा गादी तपासून देणेही हळूहळू कमी करा. 'तुला त्रास होतोय हे मला दिसतंय, आपण डॉक्टरांकडे जाऊ,' एवढे म्हणा. भारतात टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.