रोजची भाकरी, सणाची भाकरी

भाकरीला आपण कधी पक्वान्न म्हटलं नाही. पाहुण्यांसाठी पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी. भाकरी आपली घरच्यांसाठी. पण परदेशातून चार वर्षांनी घरी आलेल्या मुलाला विचारा, की बाबा, आज काय करू? तो बासुंदी म्हणत नाही. पिठलं-भाकरी म्हणतो. तापातून उठलेल्या माणसाला दुधात कुस्करलेली भाकरी गोड लागते. प्रवासाने शिणलेल्याला गरम भाकरी, लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा मिळाला की जीव थाऱ्यावर येतो.

माझं आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं. त्यामुळे आवडीचा पदार्थ ताटात आला की जिभेबरोबर एक प्रश्नही जागा होतो. ही आवड कधीपासूनची? आणि ती कोणाच्या जिवावर उभी आहे?

महाराष्ट्रात भाकरी एक नाही. कोकणात ती तांदळाची किंवा नाचणीची, नगर-नाशिककडे बाजरीची, खानदेशात ज्वारी-उडदाच्या कळण्याची. मी बोलणार आहे ती सोलापूर, मराठवाडा या भागातल्या जोंधळ्याच्या भाकरीबद्दल, कारण मी त्याच भाकरीवर वाढलो.

हा जोंधळा आपल्याला इतका जवळचा, की तो इथलाच असं आपण धरून चालतो. पण त्याचं माहेर आफ्रिका. पूर्व सुदानमध्ये सापडलेल्या खापरांवर जोंधळ्याच्या दाण्यांचे ठसे आहेत. माणसाने हे पीक तिथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी लागवडीखाली आणायला सुरुवात केली होती, असं त्यावरून दिसतं. तिथून तो समुद्र ओलांडून भारतात आला आणि दख्खनच्या काळ्या मातीत असा रुजला, की त्याचं परकेपण कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. भाकरीशेजारचा ठेचा तर त्याहून खूपच अलीकडचा. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे पोहोचलेले. ज्ञानेश्वरांच्या काळात भाकरी होती, पण तिच्यासोबत मिरचीचा ठेचा असणं शक्य नव्हतं. तिखटासाठी तेव्हा मिरी आणि पिंपळी होती.

आता भाकरीच्या घडणीकडे पाहू. गव्हाच्या कणकेला चिकटपणा असतो, म्हणून पोळी लाटता येते. जोंधळ्याच्या पिठात तो नसतो. म्हणून पीठ गरम पाण्यात कालवायचं, तळहाताने रगडून मळायचं, आणि परातीत कोरडं पीठ पसरून गोळा थापत थापत मोठा करायचा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग आराला लावायची. पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. पीठ जुनं झालं तर भाकरी चिरते, म्हणून दळणही ताजं लागतं. म्हणजे ही भाकरी आठवड्याची करून ठेवता येत नाही. ती रोज, माणसागणिक, कोणाला तरी थापावीच लागते.

ते कोणीतरी म्हणजे घरातली बाई. गिरण्या येण्यापूर्वी तिचा दिवस पहाटे जात्यावर सुरू व्हायचा. त्या जात्यावरच्या ओव्यांचं आपण फार कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. पण लाख ओव्या होण्यासाठी किती दळण झालं असेल, याचा हिशेब कोण करणार? पुढे डिझेल इंजिनावर आणि मग विजेवर चालणाऱ्या गिरण्या गावोगाव आल्या, तेव्हा जातं कोपऱ्यात गेलं. ते गेल्याची हळहळ मी पुरुषांच्या तोंडून पुष्कळ ऐकली. दळलेल्या एकाही बाईच्या तोंडून ऐकली नाही.

या भाकरीच्या इतिहासातलं सगळ्यांत कठीण पान १९७२ च्या दुष्काळाचं. त्याआधीची दोन वर्षंही पावसाने ओढ दिली होती. त्या वर्षी तर खरीप गेलं आणि रब्बीची आशाही गेली. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामं काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. वि. स. पागे यांनी पाठपुरावा केलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली, आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामावर सुकडी मिळायची, गोडसर भाजक्या पिठाची. माझ्या वयाच्या अनेकांना आजही त्या सुकडीची चव सांगता येते, कारण ती दिवसातली एकमेव गोड गोष्ट होती.

आणि रेशनवर यायचा मिलो. अमेरिकेत मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवलं जाणारं लालसर धान्य. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. मिलोची भाकरी थापताना तुटायची, गार झाली की लाकडासारखी व्हायची. मी ताट सरकवून दिलं तेव्हा आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "खा बाळा. पोटाला पायजे, जिभेला न्हाई." आई दिवसभर खडी फोडून आल्यावर तीच भाकरी थापत बसायची आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वतः जेवायची. तिच्या वाट्याला किती उरायची, हे विचारायचं आम्हा मुलांना कधी सुचलं नाही.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की मिलो म्हणजे दुसरं काही नसून ज्वारीच. आपल्या जोंधळ्याचाच भाऊबंद. आफ्रिकेच्या एकाच घरातून निघालेली एक शाखा काही हजार वर्षांपूर्वी दख्खनला आली, दुसरी समुद्रापार अमेरिकेला पोहोचली, आणि १९७२ मध्ये दोघांची गाठ आमच्या तव्यावर पडली. आम्ही मात्र त्याला ओळखलं नाही. चव धान्यात असतेच. पण ते धान्य आपल्या शेतातलं आहे की रांगेत उभं राहून आणलेलं, यावरही घास गोड लागणं अवलंबून असतं.

दुष्काळानंतर ताट बदलत गेलं. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं होतं. उत्पन्न भरपूर, पण खरिपातलं पीक. काढणीला पावसात सापडलं की दाणा काळा पडायचा, आणि भाकरी शाळूच्या भाकरीपुढे फिकी. 'हायब्रीड' हा शब्द मराठीत टोमणा होऊन बसला तो त्याच काळात. तरी त्या हायब्रीडने अनेक गरीब घरांत चूल पेटती ठेवली, हे विसरून चालणार नाही. दुसरीकडे रेशनवर गहू स्वस्त मिळू लागला. कोरडवाहू गावांत गव्हाची पोळी पूर्वी सणालाच व्हायची. पुरणपोळीचं अप्रूप होतं ते त्यामुळेही. आता पोळी रोजची झाली. सकाळी करून दुपारी डब्यात नेली तरी मऊ राहणारी पोळी शाळेला, कारखान्याला, कचेरीला सोयीची होती. शेतातही सोयाबीन आणि ऊस आले. हाताने उपटून काढावी लागणारी रब्बी ज्वारी मजुरीला परवडेना. देशात १९७०-७१ मध्ये ज्वारीखाली सुमारे १ कोटी ७० लाख हेक्टर जमीन होती. २०२०-२१ मध्ये ती ४० लाख हेक्टरांच्या आसपास उरली.

आणि भाकरी दुर्मिळ होताच ती पक्वान्न झाली. हमरस्त्यावर 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या लागल्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. पन्नास वर्षांत उलटापालट झाली. पोळी रोजची आणि भाकरी सणाची.

मला याचा आनंद आहे. मीही त्या पाट्या पाहून गाडी थांबवणाऱ्यांतला आहे. पण 'पूर्वीची भाकरी ती भाकरी' असं कोणी म्हणालं, की मला त्या भाकरीमागची माणसं आठवतात. चुलीच्या धुराने डोळे चोळणारी, शेवटी जेवणारी. भाकरी घराघरांतून गेली ती केवळ आपली आवड बिघडली म्हणून नव्हे. तिचा सगळा भार एकाच माणसाच्या हातांवर होता आणि त्या हातांना जरा उसंत मिळाली, हेही एक कारण होतं.

भाकरी परत रोजच्या ताटात यायची असेल तर दोन गोष्टी व्हाव्या लागतील. जोंधळा पिकवणाऱ्याला त्याचे कष्ट भरून निघतील असा भाव मिळाला पाहिजे. आणि परातीपुढे घरातल्या प्रत्येकाने बसायला शिकलं पाहिजे. निवृत्तीनंतर मी भाकरी थापायला शिकलो. पहिला महिनाभर नकाशेच निघाले. आता फुगते. घरात सगळ्यांनी मिळून थापलेली भाकरी चवीला वेगळी लागते का, असं मला विचारतात. चव तीच असते. एवढंच, की थापणारी बाईही आता सगळ्यांबरोबर गरम भाकरी खाते.