आईवरच्या आरोपाची कुळकथा

मूल हाक मारल्यावर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, बोलायला उशीर लावतं; की घरादाराचं बोट आधी आईकडे जातं. ‘हिनंच लक्ष दिलं नाही.’ स्वमग्नतेभोवतीच्या गैरसमजांत सर्वांत क्रूर असलेल्या या समजाला अमेरिकेत शास्त्राचा शिक्का मिळाला होता.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर निबंध लिहिला. हा वेगळेपणा जन्मजात असावा, असं त्यांनी त्यात म्हटलं. पण या मुलांच्या घरी मायाळू आईबाप थोडेच दिसले, अशीही नोंद केली. १९४९मध्ये ते पुढे गेले. ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवली गेली, असं त्यांनी लिहिलं. त्यातूनच ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शिक्का रूढ झाला. मुलाकडून प्रतिसादच न मिळाल्यानं पालक थकलेले, गप्प झालेले असू शकतात, ही उलटी शक्यता मागे पडली.

अमेरिकी मानसोपचारावर तेव्हा मनोविश्लेषणाचा पगडा होता; प्रत्येक व्यथेचं मूळ बालपणात, म्हणजे बहुधा आईत शोधलं जाई. शिकागोतले मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकात या मुलांच्या स्थितीची तुलना नाझी छळछावण्यांतल्या कैद्यांशी केली. मुलाला आईबापांपासून दूर ठेवणं हाच उपचार ठरला.

आईला दोष देणाऱ्या या विचाराला आव्हान मात्र त्याआधीच मिळालं होतं, तेही एका बापाकडून. अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४च्या ग्रंथात त्यांनी कारण मेंदूच्या घडणीत आहे, असं मांडलं. त्याला प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९६९मध्ये तिच्याच सभेत कॅनर यांनी आईबापांना दोषमुक्त केलं. १९७७मध्ये सुसान फोलस्टीन आणि मायकल रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडं स्वमग्न होती. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. आनुवंशिकतेचा वाटा दिसू लागला.

शास्त्रानं आरोप मागे घेतला, तरी घराघरांत तो अजून ऐकू येतो. त्याची किंमत मूल मोजतं. दोष येईल या धास्तीनं आई आपल्याला दिसलेलं बोलत नाही आणि मदत लांबते. मुलातलं वेगळेपण अनेकदा तिलाच आधी जाणवतं. म्हणून तिची उलटतपासणी थांबवून तिचं म्हणणं आधी ऐकून घ्यायला हवं.