ज्याचं नुकसान झालं त्याची जागा

परिवीक्षा अधिकारी म्हणून बाल न्याय मंडळासाठी मी वर्षानुवर्षं मुलांचे सामाजिक तपासणी अहवाल लिहिले. मुलाचं घर, शाळा, संगत, बापाचं व्यसन, आईची मजुरी, सगळं त्यात येतं. ज्याची मोटारसायकल चोरीला गेली तो माणूस मात्र फिर्यादीच्या दोन ओळींत संपतो. म्हणूनच कॅनडातल्या एल्मायरा गावाची हकिगत मला जवळची वाटते. तिथेही सुरुवात एका परिवीक्षा अधिकाऱ्यानेच केली.

मे 1974. ओंटारिओ प्रांतातल्या या लहानशा गावात 18 आणि 19 वर्षांच्या दोन पोरांनी एका रात्रीत दारूच्या नशेत 22 ठिकाणी मोडतोड केली. गाड्यांचे टायर कापले, काचा फोडल्या, चर्चचा क्रूसही सोडला नाही. शिक्षेपूर्वीचा अहवाल लिहिणारा अधिकारी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा होता. ज्यांचं नुकसान झालं त्यांना पोरांनी समोरासमोर भेटावं, असं त्याला वाटलं. न्यायाधीश गॉर्डन मॅककॉनेल आधी तयार नव्हते. पण सुनावणीच्या दिवशी त्यांनीच प्रकरण पुढे ढकललं आणि तशी भेट घेऊन या, असं पोरांना बजावलं. पोरं दार वाजवायची. अधिकारी आणि त्याचा एक सहकारी वही घेऊन मागे उभे राहायचे. नुकसान किती, विम्यातून किती मिळालं, हे टिपून घेतलं. काही महिन्यांत पोरांनी भरपाईही नेऊन दिली. रिस्टोरेटिव्ह जस्टिस, म्हणजे झालेली हानी भरून काढणारा न्याय, आधुनिक काळात इथून रुजला असं मानतात.

पण ती पायपीट मुख्यतः पोरांच्या सुधारणेसाठी होती. ज्यांचं नुकसान झालं त्यांना कायद्याने जागा मिळाली ती न्यूझीलंडमध्ये, 1989 साली. तिथल्या मूळच्या माओरी समाजाची मुलं घरादारापासून तोडून संस्थांत डांबली जात होती. त्यावर उठलेल्या आवाजातून तिथे कौटुंबिक बैठकीची पद्धत कायद्यात आली. मूल, त्याचे नातेवाईक, पोलीस आणि पीडित एकत्र बसून पुढे काय करायचं ते ठरवू लागले.

गॅब्रिएल मॅक्सवेल आणि अ‍ॅलिसन मॉरिस यांनी या बैठका तपासल्या आणि 1993 मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे निम्म्या बैठकांनाच पीडित आले होते. मुलाचं तोंडही पाहायचं नाही, असं म्हणणारे जेमतेम 6 टक्के. न आलेल्या बाकीच्यांपैकी बहुतेकांना निमंत्रणच नव्हतं, आयत्या वेळी कळवलं होतं, किंवा वेळ गैरसोयीची होती. आलेल्यांपैकी जवळपास चौथाई लोक आधीपेक्षा जास्त दुखावून परतले. समोर मुलाचं सारं गोत, आणि पीडित एकटा! 1994 च्या दुरुस्तीने बैठकीची वेळ पीडिताला विचारून ठरवणं आणि त्याला आपली माणसं सोबत आणू देणं आवश्यक झालं.

या इतिहासातला सर्वात मोलाचा टप्पा मला हा 1994 चा वाटतो. मुलाला सुधारण्यासाठी पीडिताला औषधासारखं वापरता येत नाही. नुकसान झालेली जी माणसं माझ्यासमोर बसली, त्यांनी भरपाईआधी एकच विचारलं: “आमच्याच घरी का?” या प्रश्नाचं उत्तर फक्त ते मूल देऊ शकतं. त्यासाठी भेट हवी, पण पीडिताच्या मर्जीने, त्याच्या सोयीच्या वेळी, त्याच्या माणसांसोबत. नको म्हणाला तर त्याचा नकारही तितकाच मानायला हवा. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याने मुलाच्या पुनर्वसनाची भक्कम चौकट दिली आहे. ती तशीच राहू द्या. पण अहवाल लिहिणाऱ्याने एक फेरी ज्याचं नुकसान झालं त्याच्याही घरी मारावी. त्याला काय हवं आहे, ते आधी विचारावं.