फुलटोच्या: आंब्यावर बांडगूळ पेरणारा इवलासा पक्षी

कोकणात आंब्यावर बांडगूळ दिसलं की बागायतदार वैतागतो. खत आपण घालायचं, राखण आपण करायची आणि रस प्यायचा बांडगुळाने! पण हे बांडगूळ एवढ्या उंच फांदीवर येतं कसं? त्याचं बी तिथे नेऊन चिकटवतो एक पक्षी. त्याचं नाव फुलटोच्या.

दिसतो कसा?

फुलटोच्या हा आपल्या देशातल्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक. लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीच्या निम्मा. वजन साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढं. पाठ मातकट हिरवी, पोट मळकट पांढरं, शेपूट आखूड. चोच बारीक, किंचित वाकलेली आणि फिकट गुलाबी. नर-मादी दिसायला सारखेच. शिंजीर याच्याबरोबर त्याच झाडावर असतो, पण शिंजीराची चोच लांब आणि चांगलीच वाकडी असते. ही खूण लक्षात ठेवली तर गफलत होत नाही.

पानांत तो सहज दिसत नाही. आधी कानावर येतं ते एकसारखं ‘चिक-चिक-चिक’. जंगल, आमराई, घरामागची परसबाग, फळझाडं असतील तिथे तो असतोच. जागेवर बसणं त्याला माहीत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर सारखा चालूच.

बांडगूळ पेरतो कसं?

बांडगुळाचं पिकलेलं फळ हे त्याचं आवडतं खाणं. फळ तो गिळतो. गर पचतो, बी मात्र काही मिनिटांतच बाहेर पडतं. बियाभोवती डिंकासारखा चिकट थर असतो, त्यामुळे ते सहजासहजी खाली पडत नाही. मग पक्षी बूड फांदीला घासतो आणि बी सालीला चिकटतं. तिथेच ते रुजतं, सालीत मूळ घुसवतं आणि झाडातलं पाणी व क्षार ओढायला लागतं. पानं हिरवी असल्याने बांडगूळ अन्न स्वतः तयार करतं, पण फांदी सुकते ती या ओढण्यामुळे.

या कामात शिंजीरही भागीदार आहे. बांडगुळाची तयार कळी त्याच्या चोचीने दाबली की उघडते आणि परागकण त्याच्या डोक्याला लागतात. ते पुढच्या फुलावर गेले की फळ धरतं. म्हणजे फळ धरायला मदत शिंजीराची आणि बी पेरणी फुलटोच्याची. थोर पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी कोकणातल्या या प्रकारावर १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिला होता.

घरटं

फेब्रुवारी ते जून हा विणीचा मुख्य काळ. कापसासारखे मऊ तंतू आणि कोळ्याचं जाळं वापरून तो छोट्या बटव्यासारखं घरटं बांधतो. ते फांदीला लोंबतं आणि लांबून सुकलेल्या पानासारखं दिसतं. अंडी बहुतेक दोन, पांढरी.

मग पक्षी हाकलायचा का?

नाही. तो बारीक किडे आणि कोळीही खातो, फुलांतला मध पिताना परागकण इकडून तिकडे नेतो. रानातल्या बांडगुळाचाही उपयोग आहे. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याचीच पानं खाऊन वाढतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानपक्षी मारणं किंवा त्याचं घरटं मोडणं हा गुन्हा आहे.

इलाज आपल्या हातात आहे, तो म्हणजे वेळेवर छाटणी.

• बांडगूळ फळावर येण्याआधी काढा. फळच नाही, तर पेरायला बीही नाही.
• नुसती पानं ओरबाडू नका. मूळ राहिलं की परत फुटतं. बारीक फांदी असेल तर बांडगुळाच्या गाठीखाली फूटभर अंतर ठेवून छाटा.
• त्याची मुळं सालीवरून पुढे सरकून आणखी ठिकाणी घुसतात, तीही शोधून काढा.
• कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा.
• शेजारच्या बागेत बांडगूळ राहिलं तर पक्षी तिथलं बी तुमच्याकडे आणणारच. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी छाटणी केली तर खरा फरक पडेल.

छाटायला झाडावर चढाल तेव्हा फांदीला तो छोटा बटवा लोंबतोय का, तेवढं आधी बघा. असला तर पिल्लं उडेपर्यंत ती फांदी राहू द्या.