दुधाच्या पिशवीवरील शाई

बारामती-इंदापुरात रोज पहाटे दुधाच्या पिशव्या दारोदार पोचतात. त्या पिशवीवरील शाईपायी एका छपाई कामगाराचा पगार कापला गेला आणि तो आमच्याकडे आला. गोदामात कित्येक महिने पडलेल्या प्लॅस्टिकच्या रिळावर शाई धरेना, आणि दोष मात्र त्याच्या हाताचा! रसायनशास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. या तंट्याने ते शिकविले.

पॉलिथीन मेणाच्या जातीचे. त्यावर पाणी पसरत नाही, शाई धरत नाही. १९५१ साली डेन्मार्कचे व्हर्नर आइस्बी यांनी त्यावर विजेचा झोत सोडण्याची युक्ती काढली. त्यायोगे पृष्ठावरील रेणूंना प्राणवायूचे गट जोडले जातात व शाईला आधार मिळतो. पण हे गट खिळ्यांसारखे ठोकलेले नसतात. बाहेर कोरडी हवा, म्हणून साखळी हळूहळू वळते आणि ते आत तोंड फिरवितात. शिवाय प्लॅस्टिकात घातलेली निसरडी द्रव्येही वर येतात.

पाण्यावरील तेलकट रेणू डोके पाण्यात, शेपूट हवेत अशा रीतीने उभे राहतात, हे अमेरिकेच्या लँगम्यूर यांनी १९१७ सालीच दाखविले होते. १९७५ साली हॉली व रेफोहो यांनी मऊ नेत्रभिंगांच्या पदार्थातही रेणूंचे गट असेच कूस बदलतात, असे मांडले.

हे सारे आम्ही व्यवस्थापकांपुढे ठेवले. तेच रीळ पुन्हा विजेखालून काढविले, शाई बसली. त्या महिन्याची कपात परत मिळाली, आधीच्या दोन महिन्यांची नाही.