बाईचे वीस गुंठे

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेला, चांदवड-येवल्याच्या पट्ट्यात, आमच्या लहानपणी आईला बाई म्हणायचे. आम्ही दोघं भाऊ अन् दोघी बहिणी तिला बाई म्हणायचो, पुढं नातवंडंही तेच म्हणू लागली. तिनं शाळा पाहिली नव्हती, पण हिशेबात तिला कुणी फसवलं नाही. दुधाच्या रतिबाचा हिशेब ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवायची. दिवाळीला भिंत सारवायच्या आधी सगळ्यांचं देणंघेणं मिटलं पाहिजे, हा तिचा कायदा.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापता थापता तुटायची. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडा, नालाबांध घाला, पाझर तलाव खोदा. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्यात बाया भरपूर. जिनं कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता, अशी सूनही डोक्यावर पदर घेऊन पाटी उचलू लागली. आमच्या आजोबांना ते रुचलं नाही. बाई म्हणाली, "मामंजी, चूल काय पदराकडं बघून पेटत नाही."

कामावर सुकडी मिळायची. बाई आपल्या वाट्याची पदरात बांधून आणायची अन् आम्हा चौघांत वाटायची. खडीच्या ढिगाचं माप मुकादम कमी धरायचा. बाईनं एका काठीवर मापाच्या खुणा करून घेतल्या. मुकादमानं माप घेतलं की ही आपली काठी लावून बघायची. एकदा सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "लिहिता तुम्हाला येतं, मोजता मला येतं." त्यानंतर तिच्या टोळीचं माप पुरं भरू लागलं.

ह्याच दुष्काळानंतर रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिच्यामागं वि. स. पागे यांची कल्पना होती. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. बाईपुरतं बोलायचं तर त्या खडीच्या कामावर तिच्या कष्टाचा पैसा पहिल्यांदा तिच्या हातात पडला. घरच्या शेतात ती त्याहून जास्त राबत आली होती, पण त्याची रेघ कुठल्याच भिंतीवर नव्हती.

१९८० साली शेतकरी संघटनेचं कांदा-उसाचं आंदोलन पेटलं. मुंबई-आग्रा रस्ता अडवला. वडील आंदोलनात गेले ते बरेच दिवस घरी नव्हते. तेव्हा रोप टाकणं, पाणी भरणं, बैलं सांभाळणं, सगळं बाईनंच ओढलं. मग ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. लाखावर बाया जमल्या. बाई गावच्या बायांसोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली, भाकरी-ठेचा बांधून. परत आली ती वडिलांना एकच विचारत, "माह्या मजुरीचे किती झाले?" वडील हसायचे. ती हसत नव्हती.

पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. नवऱ्यानं राजीखुशीनं थोडी तरी जमीन बायकोच्या नावे करावी, असं शरद जोशी गावोगाव सांगत फिरले. आमच्या वडिलांनी विहिरीजवळचे वीस गुंठे बाईच्या नावे केले. नवा सातबारा मी तिला वाचून दाखवला. "पुन्हा वाच," म्हणाली. तीनदा वाचायला लावला अन् पेटीत लुगड्याच्या घडीखाली ठेवला.

त्या वीस गुंठ्यांच्या कांद्याची पट्टी तिच्याच हातात द्यायची, असं ठरून गेलं. आजी झाल्यावर तिनं त्या पैशाला वाट काढली. नातींना सायकली घेतल्या. माझी थोरली नर्सिंगला जायची म्हणाली, तेव्हा भाव पडलेले होते, माझ्याकडं काही नव्हतं. बाईनं फीचे पैसे काढून दिले अन् नातीला दम भरला, "नापास झालीस तर कांदे निंदायला लावीन."

वडील वारले. बहिणींनी हक्कसोड लिहून द्यावी, ही गावची रीत. कायद्यानं महाराष्ट्रात १९९४ पासून अन् देशात २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तरी "भावाचं माहेर तुटेल" ह्या भीतीनं बहिणी सही करतात. आमच्याही तयार होत्या. भाऊबंद बसलेले असताना बाई म्हणाली, "बापाच्या जमिनीचं तुम्ही चौघं बघा. पण माह्या वीस गुंठ्यात चार वाटे पडतील. तिथं कुणाचा अंगठा मागू नका." त्यावर कुणाला बोलता आलं नाही.

बाई गेल्यावर त्या वीस गुंठ्यांना आम्हा चौघांची नावं लागली. मधे बांध घातला नाही. मी कसतो, खर्च वजा करून पट्टीचे चार वाटे करतो. माहेर काही तुटलं नाही. कांदा निघाला की बहिणी येतात, गोणी मोजतात. धाकटी मात्र बाईवर गेलीय. खर्चाचा कागद वरपासून खालपर्यंत वाचते अन् विचारते, "दादा, मजुरी एवढी कशी रे लागली?" मग मला सगळं फोडून सांगावं लागतं.