शॅल आणि विल

शॅल आणि विल ही इंग्रजी भाषेतील दोन साहाय्यक क्रियापदे आहेत. दोन्हींचा उपयोग भविष्यकाळ दर्शविण्यासाठी होतो. मात्र त्यांच्या मूळ अर्थांत भेद असून, आज्ञा, वचन व कायद्याची भाषा यांत तो महत्त्वाचा ठरतो. शुड आणि वुड ही त्यांची अनुक्रमे भूतकाळी रूपे होत.

व्युत्पत्ती
जुन्या इंग्रजीत शॅलच्या मूळ क्रियापदाचा अर्थ ‘देणे लागणे’, तर विलच्या मूळ क्रियापदाचा अर्थ ‘इच्छिणे’ असा होता. जर्मन भाषेतील झोलेन (कर्तव्य असणे) व वोलेन (इच्छा असणे) ही त्यांची सगोत्र क्रियापदे आहेत.

पारंपरिक नियम
गणितज्ञ जॉन वॉलिस यांनी 1653 मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात हा नियम मांडला. त्यानुसार प्रथमपुरुषी शॅल केवळ भविष्य सांगते, तर विल निश्चय किंवा वचन दर्शविते. द्वितीय व तृतीय पुरुषात हे उलट होते. त्यामुळे ‘यू विल गो’ म्हणजे ‘तू जाशील’. ‘यू शॅल गो’ म्हणजे ‘तुला जावेच लागेल’. आधुनिक बोलण्यात सर्व पुरुषांत विल रूढ असून हा नियम क्वचितच पाळला जातो.

प्रश्न व नकार
प्रथमपुरुषी प्रश्नात शॅल अनुमती किंवा सूचना दर्शविते. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे ‘मी खिडकी उघडू का?’ ‘विल यू ओपन द विंडो?’ ही मात्र विनंती आहे. नकारार्थी वोन्टमध्ये ‘इच्छा’ हा मूळ अर्थ निर्जीव वस्तूंबाबतही डोकावतो. ‘द डोअर वोन्ट ओपन’ याचा अर्थ बहुधा ‘दार काही केल्या उघडत नाही’ असा होतो.

कायद्याची भाषा
भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात तसेच अधिनियमांत शॅल सामान्यतः बंधन दर्शविते, तर मे हे क्रियापद मुभा दर्शविते. तथापि केवळ शब्दावरून तरतूद बंधनकारक ठरत नाही. न्यायालये कायद्याचा हेतूही पाहतात. शासकीय सेवकावरील शिस्तभंगाच्या कारवाईत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी अनुच्छेद 320 मध्ये शॅल असूनही, 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद निदेशात्मक मानली. परिणामी, आयोगाचा सल्ला घेतला नाही एवढ्यावरून कारवाई अवैध ठरत नाही. अशा संदिग्धतेमुळे अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतून 2007 मध्ये शॅल वगळण्यात आले व बंधन दर्शविण्यासाठी मस्ट वापरण्यात आले.

मराठीशी तुलना
मराठीत भविष्यकाळ प्रत्ययाने होत असल्याने ‘मी जाईन’ हे एकच रूप दोन्हींसाठी येते. निश्चय ‘जाईनच’ असा ‘च’ने, तर बंधन ‘गेले पाहिजे’ किंवा ‘जावे लागेल’ अशा रचनांनी व्यक्त होते. म्हणून भाषांतर करताना केवळ काळ न पाहता वक्त्याचा हेतू पाहावा लागतो.